ट्रेवीचं पाणी येतं कुठून?

बुधवार

रोममधल्या रस्त्यावरच्या नळांना तोटी नसते. सामान खोलीवर टाकून दूध-ब्रेड आणायला खाली उतरलो, तेव्हा आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, हे लक्षात आलं आणि तिथून पुढं सहलीचा रोखच बदलला. कोपऱ्यावर कमरेच्या वर येईल एवढा बिडाचा खांब, त्याला खाली वळलेली लोखंडी नळी आणि तिच्यातून पडणारी धार अखंड गटारात चाललेली.

"बंद कुठून होतं हे?"

"बंद होत नाही आबा," नवऱ्यानं फोनमध्ये बघून सांगितलं. "नाझोने म्हणतात ह्याला. १८७४ पासून आहेत. शहरात अडीच हजारांच्या आसपास."

"रात्रीसुद्धा चालू?"

"रात्रीसुद्धा."

आबांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्यातली बरीचशी मराठवाड्यात, दिवसाआडचं पाणी चार दिवसांआड कसं पुरवायचं ह्याची गणितं मांडण्यात. त्यांना ते बघवेना. वाहतं राहिलं की पाइपात पाणी शिळं होत नाही, हे कारण त्यांना पटलं, पण हात काही जाग्यावर राहीना. दोनदा त्यांनी खांबाच्या मागं कुठं कॉक आहे का ते चाचपून पाहिलं. मुलांनी मात्र नळाची खरी गंमत शोधून काढली होती. नळीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटानं दाबलं की त्या भोकातून पाणी वर उडतं आणि ओणवं न होता पिता येतं. पाच मिनिटांत दोघंही चिंब. आईंनी (सासूबाई) ओंजळीनं पिऊन बघितलं आणि निकाल दिला, "थंडगार आहे गं. बाटल्या विकत घ्यायच्या नाहीत आता." पुढं सगळे दिवस आम्ही खरंच घेतल्या नाहीत.

संध्याकाळी मेट्रोनं स्पॅनिश स्टेप्स. पायऱ्या बघून आई हुश्श करून बसल्या आणि लगेच शिट्टी वाजली. २०१९ पासून त्या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे. घाटावरच्या पायऱ्यांवर टेकायला मनाई असावी, हे आईंच्या पचनी पडलं नाही. मग आम्ही खालच्या चौकातल्या बार्काच्चाकडं वळलो. हे कारंजं म्हणजे एक अर्धी बुडालेली दगडी नाव. पिएत्रो बेर्निनी ह्या शिल्पकारानं १६२७ ते १६२९ ह्या काळात केलेली. रोम ज्याच्या कामानं भरून गेलं आहे त्या जान लोरेन्झो बेर्निनीचा हा बाप. तिबर नदीला १५९८ साली मोठा पूर आला, तेव्हा एक होडी वाहत येऊन इथंच अडकली, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. आबांना त्या गोष्टीत रस नव्हता. नाव रस्त्याच्या पातळीच्या खाली बसवली आहे आणि पाणी वर उडत नाही, नुसतं ओघळतं, हे त्यांनी हेरलं होतं.

"हेड नव्हतं त्याच्याकडं," ते म्हणाले. "दाब नाही, उंच उडवता येत नाही. मग खड्डा केला आणि नावच बुडवली. हुशार माणूस."

हेड म्हणजे पाण्याच्या पातळीतला फरक. पुढच्या दिवसांत हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की धाकटासुद्धा तो वापरायला लागला.

गुरुवार

मोठ्या मुलीला उठल्याउठल्या ट्रेवी, रोममधलं ते प्रसिद्ध कारंजं, हवं होतं. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिथं पाठमोरं उभं राहून नाणं टाकल्याचा व्हिडिओ टाकला होता, त्यामुळं तिच्या लेखी रोम म्हणजे तेवढंच. आबांनी मोडता घातला. "आधी लाइन बघू, मग आउटलेट."

त्यावरून नाश्त्याला थोडी खडाजंगी झाली. पण आता मागं बघता मी आबांच्याच बाजूनं मत देईन. तुम्ही जाणार असाल तर ट्रेवी सगळ्यात शेवटी बघा. त्याच्या मागची वाट आधी चाला; तासा-दोन तासांचं काम आहे आणि सगळं एकमेकांपासून चालत पाच-दहा मिनिटांवर.

बार्काच्चाला आणि ट्रेवीला पाणी पुरवते ती एकच जलवाहिनी, आक्वा विर्गो. इसवी सनापूर्वी १९ मध्ये मार्कस अग्रिप्पानं ती बांधली. हा ऑगस्टस बादशहाचा सेनापती आणि जावई. शहराच्या पूर्वेला सालोने म्हणून जागा आहे, तिथले झरे पकडले आणि मोठा वळसा घालून सुमारे २० किलोमीटरवरून पाणी शहरात आणलं, तेही जवळजवळ सगळं जमिनीखालून. आणि एवढ्या अंतरात उतार किती? जेमतेम ४ मीटर. आबांनी कॅफेतल्या कागदी रुमालावर आकडा मांडला आणि तो आम्हा प्रत्येकाला दाखवला. "किलोमीटरला वीस सेंटिमीटर. लेव्हलचं यंत्र नाही, काही नाही. लांबच लांब लाकडी बाक, त्याला ओळंबे, वरच्या खोबणीत पाणी, त्यावरून पातळी काढायची. एवढ्यावर!" मग जरा थांबून, "आमच्याकडं यंत्र असून पाणी उलटं गेलेलं मी बघितलंय." ते कुठं गेलं होतं हे त्यांनी सांगितलं नाही.

व्हिया देल त्रितोने ह्या गजबजलेल्या रस्त्यावर रिनाशेन्ते नावाचं भलंमोठं दुकान आहे. अत्तरं, पर्सा, बूट, ज्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या आपण हळूच उलटून पाहतो आणि तशाच ठेवतो. त्याच्या तळघरात सरकत्या जिन्यानं उतरलं की समोर आक्वा विर्गोच्या कमानी. दुकान बांधताना सापडल्या, त्या तशाच ठेवून दुकान वर उभं केलं. सुमारे ६० मीटरांचा तुकडा, १५ कमानी, बघायला पैसे नाहीत. एरवी जमिनीखालून येणारं हे पाणी पिंचो टेकडीचा उतार संपल्यावर खोलगट भागात यायचं, तिथं त्याला कमानींवर उचलून धरावं लागलं. आई एका कमानीखाली उभ्या राहून वर बघत होत्या. बाजूलाच चादरींचं आणि काचसामानाचं दुकान मांडलेलं. "दोन हजार वर्षांपूर्वीची पाण्याची लाइन आणि हे इथं कपबश्या विकतायत," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती, कौतुकच होतं. एक कपबशी त्यांनी उचलून पाहिलीही.

तिथून बाहेर पडून व्हिया देल नाझारेनो ह्या गल्लीत गेलं की ह्याच जलवाहिनीचा आणखी एक तुकडा रस्त्याच्या पातळीखाली, कठड्याआड दिसतो. लोक न बघता पुढं जातात. थांबा तिथं. वर दगडात लॅटिन लेख आहे, इसवी सन ४६ चा, क्लॉडियस बादशहाचा. त्याचा पुतण्या कॅलिग्युला ह्यानं आपल्या अँफिथिएटरच्या, म्हणजे गोल आखाड्याच्या, बांधकामासाठी ह्या कमानी मोडून टाकल्या होत्या. क्लॉडियसनं त्या पायापासून नव्यानं बांधल्या, आणि बांधल्या म्हणून गप्प बसला नाही. आधीच्याचं नाव घेऊन त्यानं कसं मोडलं आणि मी कसं दुरुस्त केलं, ते दगडात कोरून ठेवलं. नवऱ्यानं भाषांतर वाचून दाखवल्यावर आबा मनापासून हसले. असे फलक त्यांनी आयुष्यभर बघितले होते, फक्त ते फ्लेक्सचे असायचे.

मुलांना आवडली ती गॉथांची गोष्ट. इसवी सन ५३७ मध्ये गॉथ ह्या जर्मन टोळीच्या लोकांनी रोमला वेढा घातला आणि शहराचं पाणी तोडायला जलवाहिन्या फोडल्या. पाणी आटलेल्या विर्गोच्या बोगद्यातून त्यांची काही माणसं रात्री दिवे घेऊन शहराच्या आत शिरली, पार पिंचो टेकडीपर्यंत पोचली. पण बेलिसारियस ह्या शहर राखणाऱ्या सेनापतीनं बोगदा भिंत घालून आधीच बुजवून टाकला होता. पुढं कधीतरी दुरुस्त्या होत होत विर्गो पुन्हा वाहती झाली. बाकीच्या बऱ्याच प्राचीन वाहिन्या शहराजवळ उंच कमानींवरून येत, त्यांतल्या बहुतेक पडल्या त्या पडल्याच. ही जमिनीखाली होती म्हणून तगली. धाकट्यानं ताबडतोब बोगद्यात जायचा हट्ट धरला.

तो थोडाफार पुरा झाला. ट्रेवीपासून हाकेच्या अंतरावर विकुस काप्रारियुस नावाची जागा आहे. एका जुन्या सिनेमागृहाचं काम काढलं तेव्हा खाली रोमन काळातली घरं सापडली. त्यांतल्या दोन खोल्यांच्या भिंती जाडजूड करून, आतून जलरोधक गिलावा देऊन पाण्याची टाकी केलेली होती. लोखंडी जिन्यावरून खाली उतरायचं. तळाशी आजही नितळ पाणी आहे आणि वरचा गोंगाट पार नाहीसा होतो. आबांनी गिलाव्याला हात लावला नाही, पण नाक टेकेल इतके जवळ गेले. कोपऱ्यात भिंत आणि जमीन मिळते तिथं गोलाई दिली होती. "कोपरा गोल केला की तिथं घाण साचत नाही आणि भेगही पडत नाही. अजूनही असंच करतात." राखण करणारी मुलगी कौतुकानं बघत होती. आम्ही तिघं-चौघं सोडून बाकी सगळी दुनिया वर कारंज्यापाशी होती.

आणि मग भर दुपारी ट्रेवी.

गर्दीचं काय सांगायचं? आम्ही गेलो ते २०२५ हे रोममध्ये ज्युबिलीचं, म्हणजे कॅथलिकांच्या यात्रेचं, वर्ष होतं, दर २५ वर्षांनी येणारं, त्यामुळं जगभरचे यात्रेकरूही त्यात. २०२४ च्या अखेरीस कारंज्याची साफसफाई झाली आणि तेव्हापासून अगदी कठड्याशी एका वेळी ४०० माणसंच सोडतात. म्हणजे रांग. पण रांग सरकते, आणि आत गेल्यावर श्वास घ्यायला जागा मिळते, हा फायदाच म्हणायचा.

फोटोंत एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे चौक किती लहान आहे. सव्वीस मीटर उंच आणि एकोणपन्नास मीटर रुंद असं हे प्रकरण एका राजवाड्याच्या पाठीला चिकटवलंय आणि समोर उभं राहायला अंगणाएवढी जागा. त्यामुळं ते अंगावर येतं. मध्ये ओशनस, सगळ्या पाण्यांचा देव, शिंपल्याच्या रथात. दोन समुद्री घोडे, एक उधळलेला आणि एक गरीब. घोड्यांना धरणारे दोन ट्रायटन, म्हणजे समुद्रदेव. ओशनसच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत समृद्धी आणि आरोग्य अशा दोन बायका. त्यांच्या वरचे दोन चौकोनी पट मात्र बहुतेक लोक बघत नाहीत, कारण ते मान वर करून शोधावे लागतात. डावीकडच्या पटात अग्रिप्पा जलवाहिनीचा नकाशा बघतोय. उजवीकडच्यात एक मुलगी तहानलेल्या सैनिकांना झरा दाखवतेय. तिच्यामुळंच ह्या पाण्याला कुमारिकेचं नाव मिळालं, अशी आख्यायिका. सकाळपासून आम्ही ज्याच्या मागं हिंडत होतो ते सगळं तिथं दगडात मांडलेलं होतं. मोठीनंच ते पट आधी ओळखले. "आबा, तो नकाशा बघणारा तुमचा माणूस!"

मला स्वतःला मूर्तींपेक्षा खडक आवडले. खालचा अर्धा भाग ट्रॅव्हर्टाइन दगडाचा ओबडधोबड कडा आहे, आपोआप कोसळून पडल्यासारखा वाटावा असा घडवलेला. त्या कड्यात जागोजाग झाडंझुडपं कोरलीत. एका बाजूला अंजिराचं एक झाड थेट खांबाच्या बुडातून फुटून बाहेर आलंय आणि खांबाची कड त्यानं फोडलीय. फांदीही दगडाची आणि फुटलेली कडही मुद्दाम तशी कोरलेली. उजव्या कडेला कठड्यावर एक मोठा थोरला दगडी कलश आहे. तिथं शेजारी एका न्हाव्याचं दुकान होतं आणि तो रोज कामाला नावं ठेवायचा, म्हणून कारंज्याचा वास्तुकार निकोला साल्वी ह्यानं त्याला दिसूच नये अशा बेतानं हा कलश मध्ये आणून ठेवला, असं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण कलशाच्या मागं जाऊन उभं राहिलं की खरंच काही दिसत नाही. आम्ही पाहिलं.

ह्या साल्वीची कथा मला चटका लावून गेली. पोप बाराव्या क्लेमेंटनं कारंज्यासाठी नकाशे मागवले, साल्वीचा मंजूर झाला आणि १७३२ मध्ये काम सुरू झालं. पैसा बराचसा लॉटरीतून उभा केला. पोपनं बंद पडलेली लॉटरी त्यासाठी पुन्हा चालू केली होती. पैसा आला की काम चालायचं, आटला की थांबायचं. साल्वी १७५१ मध्ये गेला. कालव्याच्या ओलीत तासन्‌तास काढून त्याची प्रकृती ढासळली असं सांगतात. ओशनसची मूर्ती पुढं पिएत्रो ब्राचीनं केली आणि कारंजं पुरं झालं ते १७६२ मध्ये.

"१७६२?" आबा म्हणाले. "नानासाहेब पेशवे गेले १७६१ ला. म्हणजे हे चाललं होतं तेव्हाच आपल्याकडं कात्रजचं पाणी शनिवारवाड्यात आणण्याचं काम झालं." हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिथंही उतारावर चालणारी झाकलेली दगडी वाहिनी, मध्येमध्ये हवा सुटायचे उच्छ्वास, शहरात हौद. फडके हौद चौकातून मी रोज जाते, पण हौद कसला नि पाणी कुठलं, कधी थांबून विचार केला नाही. इथं मात्र रांग लावून आले होते.

मग नाणी. पाठ कारंज्याकडं, उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून. एक टाकलं की रोमला परत येणं होतं. मुलांना एक-एक युरो दिला तेव्हा शंभराची नोट पाण्यात टाकल्यागत माझा जीव खालीवर झाला. आईंना काही समजावून सांगावं लागलं नाही. गोदावरीच्या पुलावरून गाडी जाताना खिडकीतून पैसा टाकणारं आमचं घर; त्यांनी पाकिटातून आपला रुपया काढला, कपाळाला लावला आणि पाठबिठ न फिरवता सरळ समोर बघून टाकला. "देवाकडं पाठ करून कुणी देतं का?" शेजारी उभ्या असलेल्या कोरियन मुलींनी त्यांचं बघून हात जोडले.

आबांनी नाणं टाकलं नाही. ओशनसच्या पायाखालून एवढं पाणी कोसळतंय ते चार मीटरच्या उतारावर कसं, हा प्रश्न त्यांना छळत होता. उत्तर साधं आहे: आता तेच पाणी पंपानं फिरवतात. ते कळल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. पण कुंडाची पातळी रस्त्याच्या खाली का, त्याचा उलगडा झाला. साल्वीनंही पिएत्रो बेर्निनीसारखाच खड्डा करून हेड कमावलं होतं.

शुक्रवार

व्हॅटिकनबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी हात आखडता घेते. संग्रहालयाचं तिकीट आधी काढलं होतं, तरी गर्दीत आम्ही चाललो नाही, वाहत गेलो. सिस्टीन चॅपेलमध्ये मान दुखेपर्यंत वर पाहिलं. धाकट्याचे पाय दुखत होते. दुपारी किलोवर मिळणारा पिझ्झा खाल्ला. दाखवाल तेवढा तुकडा कात्रीनं कापून वजन करून देतात. भाजीवाल्याकडची ही पद्धत पिझ्झ्याला लावलेली पाहून आई खूश. बटाट्याचा आणि रोझमेरीचा, चीज अजिबात नसलेला, तो सगळ्यांत चांगला.

दिवस वसूल झाला तो संध्याकाळी पियाझ्झा नावोनात. मधोमध चार नद्यांचं कारंजं, धाकट्या बेर्निनीनं १६५१ मध्ये पुरं केलेलं. चार खंडांच्या चार नद्या: युरोपची डॅन्यूब, आफ्रिकेची नाईल, अमेरिकेची प्लाता आणि आशियाची गंगा. हे वाचल्याबरोबर आई लगबगीनं पुढं गेल्या. त्यांनी काशी केलीय, गंगाजलाचं सीलबंद तांब्याचं भांडं अजून देवघरात आहे. कठड्याभोवती एक फेरी मारून परत आल्या.

"गंगा कुठली?"

दाखवली. लांब दाढी, दणकट पाय, हातात भलंमोठं वल्हं.

"हा तर बाप्या आहे!"

रोमन परंपरेत नदीदेवता दाढीवाल्या पुरुषाच्या रूपातच दाखवायची रीत. वल्हं का, तर गंगेतून लांबवर नावा चालतात म्हणून. "आपल्याकडं ब्रह्मपुत्र आहे की," आबांनी तोडगा काढला. पण आईंचं समाधान झालं नाही. त्या गंगेसमोर बराच वेळ उभ्या होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "मगर तरी दाखवायची होती वाहनाला." नाईलच्या डोक्यावर कापड टाकलंय, कारण तेव्हा युरोपातल्या लोकांना तिचा उगम माहीत नव्हता. समोरच्या चर्चची भिंत पडेल ह्या भीतीनं प्लातानं हात वर केलाय, असा एक किस्सा गाइड लोक सांगतात. चर्च बोर्रोमिनीनं बांधलं, तो बेर्निनीचा प्रतिस्पर्धी, म्हणून ती टर. पण चर्चचं काम सुरू झालं १६५२ मध्ये, कारंजं पुरं झाल्यावर. किस्सा चांगला आहे, एवढंच.

हे कारंजं बांधायला घेतलं तेव्हा शहरात धान्याची टंचाई होती आणि लोकांनी चिठ्ठ्या लावून विचारलं होतं, आम्हाला पाव हवाय, कारंजी कशाला? आणि पुढं दोनशे वर्षं ऑगस्टच्या सुट्टीच्या दिवशी चौकाची गटारं बंद करून सगळा चौक पाण्यानं भरायचे, श्रीमंत लोक त्यात बग्ग्या फिरवायचे. इथलं पाणीसुद्धा विर्गोचंच. आबांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आणि मग तेवढं पाणी सोडायचे कुठं?"

शनिवार

तिवोली. रोमपासून तासाभराची लोकल. व्हिला देस्ते बघायला जातात ते खोल्या आणि चित्रांसाठी नाही, मागच्या बागेसाठी. इप्पोलितो देस्ते हा कार्डिनल १५५० मध्ये इथला गव्हर्नर झाला, पोप काही होता आलं नाही, त्याची सगळी हौस त्यानं पाण्यावर भागवली. नकाशा पिरो लिगोरियोचा. २००१ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

डोंगराच्या कडेवर बाग, वरून आनिएने नदी. नदीचं पाणी गावाखालून बोगदा काढून बागेच्या डोक्यावर आणलं आणि तिथून खाली सोडलं. पंप एकही नाही. आबांनी पहिल्या कठड्यावरून खाली पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ट्रेवीपाशीसुद्धा पाहिलं नव्हतं. "इथं हेडच हेड आहे!"

आणि ते दिसतं. झाडांच्या शेंड्यांना भिडणारे फवारे, धबधबे, शंभर कारंज्यांची लांबलचक भिंत. त्या भिंतीपाशी मी सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. तीन रांगांत पाणी. वर फवारे, खाली माणसांचे आणि जनावरांचे चेहरे तोंडातून चूळ टाकतायत. चारशे-साडेचारशे वर्षांच्या पाण्यानं त्यांची नाकं झिजलीत, गालांवर शेवाळ आणि केसांच्या जागी नेचे उगवलेत. एकाच्या डोळ्यातून नेच्याचं कोवळं, अजून न उलगडलेलं पान बाहेर आलं होतं. असं वय झालेलं मला आवडलं. ट्रेवी घासूनपुसून चकचकीत ठेवलंय, इथं पाण्याला त्याचं काम करू दिलंय.

ऑर्गनचं कारंजं दर दोन तासांनी वाजतं, वेळ आधी विचारून ठेवा. पाणी उंचावरून बंद कोठीत कोसळतं तेव्हा बरोबर हवा ओढून नेतं. कोठीत पाणी खाली बसतं, दाबलेली हवा नळ्यांत जाते आणि सूर निघतात. तेच पाणी एक चाक फिरवतं, चाकाबरोबर खुंट्या ठोकलेला पिंप फिरतो आणि कुठली पट्टी कधी दाबायची ते खुंट्या ठरवतात. आबांनी हे सगळं धाकट्याला अर्ध्या रिकाम्या बाटलीवर समजावलं. बाटली आमच्याकडं एकच होती, ती तशीच हवा-पाणी भरून घरापर्यंत आली.

एक इशारा: उतरताना मजा येते, चढताना गुडघे बोलतात. आईंनी मधल्या टप्प्यावर बाकावर बसून घेतलं आणि खालचं आम्ही त्यांना फोटोत दाखवलं.

रविवार

आळस. दुपारी जानिकोलो टेकडी. बारा वाजता तिथं रोज तोफ उडते, मुलांनी कान झाकून ती ऐकली. थोडं खाली आक्वा पाओलाचं कारंजं, १६१२ चं, पोप पाचव्या पॉलनं ट्राजान बादशहाची जुनी जलवाहिनी दुरुस्त करून इथं आणलेली. पाच दरवाज्यांतून पाणी धाडधाड पडतं आणि समोर कुणीही नाही. एक जोडपं लग्नाचे फोटो काढत होतं तेवढंच. पाठ फिरवली की सगळं रोम खाली. ट्रेवीच्या गर्दीला कंटाळलेल्यांना मी इथंच पाठवेन.

सोमवार

विमान दुपारचं. मोठीला पुन्हा एकदा ट्रेवी बघायचं होतं, म्हणून सकाळी लवकर गेलो. कठडा बंद, पाणी थांबलेलं. कुंडात उंच बूट घातलेली माणसं लांब दांड्यांच्या झाडूंनी नाणी लोटत होती. आधी लांब रांगा केल्या, मग ढीग, मग जाड पाइप लावून ते ओढून घेतलं. नाणी पाइपातून जाताना खडखड वाजतात. हे पैसे कारितास ह्या कॅथलिक सेवासंस्थेला जातात, वर्षाला दहा लाखांहून अधिक युरो, आणि त्यांतून गरिबांच्या जेवणाखाण्याची, निवाऱ्याची सोय होते. "अन्नदान होतं म्हणजे," आई म्हणाल्या. मग काळजी, "माझा रुपया त्यांच्या काय उपयोगाचा?"

आबा तोवर कठड्याच्या टोकाशी जाऊन एका कामगाराशी बोलत होते. तो इटालियनमध्ये, हे मराठीत, मध्ये हातवारे. त्यानं एकदा वर बोट दाखवलं, एकदा खाली, आबांनी मुठीनं व्हॉल्व फिरवल्याची खूण केली, त्यानं मान डोलावली आणि दोन बोटं दाखवली. टॅक्सीची वेळ झाली म्हणून नवऱ्यानं हाक मारली तेव्हा परत आले.

"आधी पंप बंद करतात, मग पातळी उतरू देतात. झडपा दोन आहेत. नाणी ओढताना गाळणी तुंबते, तोच मोठा त्रास."

तुम्हाला हे कसं कळलं, मी विचारलं.

"अगं, पाण्याच्या खात्यातला माणूस आहे तो."